गाडी कुणाची, जमीन कुणाची?

(गिरणीच्या दारावरील सभेत केलेले भाषण)



पहिली पाळी आत्ताच सुटली आहे. अंगावरचा कापूस अजून झटकलेला नाही, पोटात कावळे ओरडताहेत, हे आम्हाला ठाऊक आहे; कारण आम्हीही याच पाळीत होतो. तेव्हा पाल्हाळ लावत नाही. आज बोनसवर बोलायचं नाही, बदलीवाल्यांच्या कार्डावरही नाही. आज जमिनीवर बोलायचं आहे. बुलेट ट्रेन म्हणून जी भरधाव गाडी येते आहे, तिच्या जमिनीवर.

हा विषय आम्ही खात्यात काढला तेव्हा हशा पिकला. एक म्हातारे जॉबर म्हणाले, "बाबांनो, आम्हाला पॅसेंजरचं तिकीट काढताना खिसा चाचपावा लागतो. तुम्ही बुलेटीचं कसलं सांगता?" बोलणं खरं आहे. त्या गाडीत आम्ही बसू की नाही कुणास ठाऊक. पण ती गाडी आमच्या जमिनीवर बसू शकते, त्याचं काय?

ते कसं, सांगतो. २०२६ सालच्या केंद्राच्या अर्थसंकल्पात सात वेगवान रेल्वेमार्गांची घोषणा झाली. त्यात मुंबई-पुणे आहे, पुणे-हैदराबादही आहे. मुंबई-पुणे-हैदराबाद मार्गाचा विचार त्याच्याही आधीपासून चालू होता, आणि त्या पाहणीत पंढरपूर-सोलापूरची नावं होती. रेघ शेवटी कुठून जाईल ते सरकार ठरवील. पण आपल्यातल्या कितीतरी जणांचं गाव मोहोळकडं, मंगळवेढ्याकडं, अक्कलकोटकडं. आई-बाप तिथं, दोन-चार एकर तिथं. त्या सातबाऱ्यावर आपलं नाव आहे, किंवा असायला पाहिजे. सुरत-चेन्नई महामार्गाच्या वेळी अक्कलकोट-बार्शीकडच्या शेतकऱ्यांनी दर कमी म्हणून आंदोलनं केली, ती तुम्ही डोळ्यांनी पाहिली. मोजणीची साखळी आपल्या बांधापर्यंत एकदा येऊन गेली आहे. ती पुन्हा येईल. यायच्या आधी मुंबई-अहमदाबाद मार्गावर काय काय घडलं ते समजून घ्या. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपल्यात म्हणतातच.

गाडीचा हिशेब

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलापासून अहमदाबादच्या साबरमतीपर्यंत हा मार्ग ५०८ किलोमीटरचा. त्यातले सुमारे १५६ किलोमीटर महाराष्ट्रात, सुमारे ३४८ गुजरातेत आणि चारेक दादरा-नगर हवेलीत. स्थानकं बारा. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे, विरार, बोईसर ही चार. बाकीची आठ गुजरातेत. वेग ताशी ३२० किलोमीटर. १४ सप्टेंबर २०१७ रोजी अहमदाबादेत पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि जपानचे त्या वेळचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी पायाभरणी केली. खर्चाचा पहिला अंदाज १ लाख ८ हजार कोटी रुपये. त्यातले ८१ टक्के जपानचं कर्ज. व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं, पहिली १५ वर्षं फेड नाही.

व्याज नावालाच आहे, उगाच खोटं कशाला बोला? पण कर्ज येनमध्ये आहे. फेडायच्या वेळी येन महागला तर रुपये जास्त मोजावे लागणार, आणि ते मोजणारी आपली नातवंडं असणार.

आता आपल्याकडं सभासभांतून एक तक्रार ऐकू येते, की गुजरातला आठ स्थानकं आणि महाराष्ट्राला चारच. आम्हीही ती टाळ्यांसाठी दिली आहे. पण एका रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. १५६ किलोमीटरांत चार, म्हणजे दर ३९ किलोमीटरला एक. ३४८ मध्ये आठ, म्हणजे दर साडेत्रेचाळीसला एक. ही तक्रार हिशेबाला टिकत नाही. दुसरी टिकते. या कंपनीच्या भांडवलात केंद्राने १० हजार कोटी घालायचे, आणि गुजरात नि महाराष्ट्र यांनी प्रत्येकी ५ हजार कोटी. ज्याच्या हद्दीत दुपटीहून जास्त मार्ग, त्याची वर्गणी तेवढीच आणि आपलीही तेवढीच! विचारायचं तर हे विचारा. प्रश्न चुकीचा विचारला की समोरचा साहेब हसून सुटतो.

आणि आणखी एक तारीख ध्यानात ठेवा. पायाभरणी झाली १४ सप्टेंबरला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, म्हणजे पंधरा दिवसांनी, मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. तो परळचा भाग. एके काळी तिथं गिरण्यांचे भोंगे वाजत. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी कचेऱ्या उठल्या, माणसं वाढली आणि पूल तेवढाच अरुंद राहिला. पुढं लष्कराला बोलावून नवा पूल बांधला आणि २०१८ च्या फेब्रुवारीत तो खुला झाला. म्हणजे मनात आलं तर काही महिन्यांत पूल होतो! मग त्या २३ जणांच्या आधी तो मनात का आला नाही? वेगवान गाडीला आमचा वैरभाव नाही. पण ज्या रेल्वेवर रोज लाखो कष्टकरी लोंबकळत जातात तिचा नंबर आधी की मागून, हे विचारायचा हक्क आम्हाला आहे.

रेघ सरळ का लागते?

बंधूंनो, साधा रस्ता देऊळ आडवं आलं तर वळतो, विहीर आडवी आली तर वळसा घालतो. ताशी ३२० किलोमीटरच्या गाडीला ते जमत नाही. तिचं वळण काही हजार मीटर त्रिज्येचं लागतं, नाहीतर गाडी रुळावर राहायची नाही. म्हणून नकाशावर एकदा रेघ पडली की ती दहा गुंठ्यांसाठी सरकत नाही. सरकवायची तर मागचे-पुढचे कितीतरी किलोमीटर सरकवावे लागतात. या मार्गाचा बराचसा भाग खांबांवरून जातो, पट्टा रुंदीला फार नाही. पण त्या पट्ट्यात ज्याची विहीर आली, ज्याचं घर आलं, त्याला रुंदी सांगून काय उपयोग?

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, अशा कामात एक सर्व्हे नंबर अडला तर सगळी साखळी अडते. म्हणजे जमीनवाल्याच्या हातात जोर आहे. दुसरी, तो जोर वापरायला वकील लागतो, वेळ लागतो, पोटाला आधार लागतो. मुंबईत विक्रोळीला गोदरेज कंपनीची साडेनऊ एकरांहून थोडी जास्त जागा बोगद्याच्या कामासाठी पाहिजे होती. कंपनी कोर्टात गेली, वर्षानुवर्षं लढली. मोबदला २६४ कोटी ठरवला गेला. ९ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही हात घालायला नकार दिला. एवढी मोठी कंपनी, नामांकित वकील, तरी रेघ हलली नाही. मग पालघरच्या वारली शेतकऱ्याने काय करावं? आम्ही हे त्याला भिववायला सांगत नाही. रेघ हलवण्याच्या नादात बाकीचे हक्क हातून सुटू नयेत, म्हणून सांगतो.

कायदा कुणाच्या बाजूला?

इंग्रजांचा १८९४ चा भूसंपादन कायदा शंभरावर वर्षं आमच्या मानेवर होता. सरकारने म्हणायचं, 'सार्वजनिक काम', की जमीन गेली. लोक झगडले तेव्हा २०१३ चा नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात तीन गोष्टी आल्या: मोबदल्याचा चढा दर, पुनर्वसन, आणि जमीन घेण्याआधी गावावर काय परिणाम होईल त्याची पाहणी.

पण कायदा झाला आणि लगेच त्याला भोकं पाडायला सुरुवात झाली. गुजरात सरकारने २०१६ साली दुरुस्ती करून ठराविक कामांना ती पाहणी माफ केली. सुरत वगैरे जिल्ह्यांतले शेतकरी २०१८ साली गुजरात उच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं होतं, आमची पाहणी केली नाही, आणि दर २०११ सालच्या जंत्रीवर बांधता, म्हणजे सात वर्षांपूर्वीच्या भावाने. २०१९ च्या सप्टेंबरात कोर्टाने त्यांचे अर्ज फेटाळले.

आता सांगा, हा सुरतचा शेतकरी आमचा वैरी की सोयरा? त्याची बोली गुजराती, पण त्याच्या बांधावरून साखळी आली ती आमच्या बांधावरून आली तशीच. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली. आमची भाषा, आमचं राज्य, याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो राहील. पण हेही पाहा: उंबरगाव तालुक्यातली बरीच गावं तेव्हा गुजरातेत गेली आणि तलासरी-डहाणू महाराष्ट्रात राहिली. याच टापूत १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी वेठबिगार मोडली. ते वारली आज हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहेत. गाडी एक, जात एक, नातीगोती एक. आणि कायदा अलीकडं एक, पलीकडं दुसरा. राज्य आपलं झालं म्हणजे सातबारा आपोआप सांभाळला जातो असं नाही. राज्य आपलं असेल तर आपल्याच राज्याला जाब विचारता आला पाहिजे.

मोबदल्याचा हिशेब तोंडपाठ करा. समजा, खेड्यातल्या जमिनीचा बाजारभाव १० लाख धरला. खेड्यातला गुणक दोन लागला की झाले २० लाख. त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे ४० लाख. आणि महाराष्ट्रात राजीखुशीने थेट खरेदी दिली तर वर २५ टक्के, म्हणजे ५० लाख. पाचपट! ऐकून डोळे फिरतात. पण अहो, पाचपट कशाची? सगळी मेख त्या पहिल्या १० लाखांत आहे. भाव काढतात तो रेडीरेकनरवरून नाहीतर मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांवरून. मुद्रांक वाचवायला खरेदीखतात आकडा कमी कोण लिहितं? आम्हीच लिहितो. आणि आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सहजी विकता येत नाही, म्हणून तिथं खरेदीखतंच थोडी, म्हणून भावही खाली. जो नियम जमीन राखायला केला त्यानेच जमिनीची किंमत पडते. यावर कायद्यातच उपाय आहे: जिथं व्यवहाराला बंदी आहे तिथं सरकारने लगतच्या भागातल्या तशाच जमिनीवरून किमान दर ठरवावा. पण हे मागावं लागतं. आईसुद्धा न रडता पाजत नाही, मग सरकार कुठलं?

अडवणारे कोण, उठवणारे कोण?

आता राजकारण. पालघर हा बराचसा अनुसूचित भाग. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे तिथं जमीन घेण्याआधी ग्रामसभेला विचारावं लागतं. कित्येक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. भूमिपुत्र बचाव आंदोलन उभं राहिलं. मोजणीला आलेले अधिकारी गावांनी परत पाठवले. डहाणूच्या चिकूच्या वाड्या, भाताची खाचरं, यांवरून रेघ जात होती. याच पट्ट्यात द्रुतगती महामार्ग, मालगाड्यांचा वेगळा मार्ग, आणि २०२४ साली पायाभरणी झालेलं वाढवण बंदर. एकाच जिल्ह्याने देशासाठी किती वेळा उठायचं?

२०१९ च्या नोव्हेंबरात मुंबईत सरकार बदललं. नव्या मुख्यमंत्र्यांनी, उद्धव ठाकरे यांनी, बुलेट ट्रेनचा फेरविचार करू असं सांगितलं, तिला पांढरा हत्ती म्हटलं. गुजरातेत काम पुढं गेलं, आपल्याकडं जमीन मागं राहिली. २०२२ च्या जूनमध्ये ते सरकार गेलं. एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि अडलेल्या परवानग्या झपाट्याने सुटल्या. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सुमारे २० हजार तिवरं तोडायला मुभा दिली. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं की मार्गाची सगळी जमीन, १,३८९.४९ हेक्टर, ताब्यात आली. त्यातली ४३०.४५ हेक्टर महाराष्ट्रातली.

कोण बरोबर, कोण चूक, ते तुम्ही मतपेटीत ठरवा. आम्ही एकच विचारतो. ती अडीच-तीन वर्षं गाडी अडली होती, तेव्हा जमीनवाल्याच्या हातात जोर होता. त्या जोरावर त्याच्यासाठी लेखी काय मिळवलं? जमिनीच्या बदल्यात जमीन? घरटी एकाला कायम नोकरी? पुढाऱ्यांनी गाडी अडवून वरच्याशी सौदे केले असतील नसतील, आम्हाला माहीत नाही. खालच्याच्या हातात मात्र अडवल्याचाही कागद नाही आणि सोडल्याचाही नाही.

आम्ही पालघरला गेलो तेव्हा

बोट दुसऱ्याकडं दाखवताना तीन बोटं आपल्याकडं असतात. तेव्हा आमचीही चूक ऐका.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाच्या कारखान्यात आमचा एक जुना सोबती ठेक्यावर काम करतो. त्याच्या गावावरून रेघ गेली. सुरुवातीला विरोधाचा मोर्चा निघाला तेव्हा आम्ही चौघं इथून बिनपगारी रजा टाकून गेलो होतो. घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, भाकरी खाल्ली, रात्रीची गाडी धरून परत आलो. छाती फुगलेली!

पुढं पाच वर्षांनी त्याच्या घरी गेलो. अंगणातनं खांब दिसत होते. बोलता बोलता त्याने सगळं सांगितलं. सातबारा अजून आज्याच्या नावावर. वारस नऊ, पण वारसनोंद कधी केलीच नव्हती. एजंट आला, दोन चुलत्यांना भेटला, म्हणाला, राजीखुशीने द्या, २५ टक्के जास्त. बाकीच्यांचे अंगठे घरोघरी जाऊन गोळा झाले. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला तर सहीच्या दिवशी कळलं. पैसे मिळाले, नाही असं नाही. नऊ ठिकाणी फुटले. एकाने फटफटी घेतली, एकाने पोरीचं लग्न केलं, एकाने घरावर स्लॅब टाकला. दोन वर्षांत पैसा संपला. बांधावरची अकरा आंब्या-चिकूची झाडं पंचनाम्यात सहाच लागली होती. आणि आज्जीचा एक वनपट्टा होता, त्याचा दावा मंजूर झालेला नव्हता, म्हणून त्याचा छदामही नाही.

आम्ही म्हणालो, "अरे, मोबदला वाढवून मागायला अर्ज का नाही केला?" तो म्हणाला, "राजीखुशीने दिलं असं लिहून दिल्यावर कसला अर्ज?" आणि मग थोडं थांबून म्हणाला, "दादा, तुम्ही मोर्चाला आलात, बरं वाटलं. पण घोषणा द्यायला शंभर आले. कागद वाचायला कोणीच आलं नाही."

बंधूंनो, त्या रात्री गाडीत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. गिरणीत मालकाने नोटीस लावली तर आम्ही ती शब्द न् शब्द वाचतो, तारखा लिहून ठेवतो, मुदतीत उत्तर देतो. हे आम्हाला येतं. चौथी शिकलेल्यालाही युनियनने हे शिकवलं. आणि जिथं सोबत्याची जमीन चालली होती, तिथं आम्ही नुसता घसा नेला.

आमची जमीनही अशीच गेली

मुंबईच्या गिरण्यांचं आठवा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. संप मोडला, गिरण्या पडल्या. मग सगळ्यांच्या ध्यानात आलं, की सोनं यंत्रात नव्हतं, जमिनीत होतं. १९९१ साली नियम झाला: गिरणीची जमीन विकासाला काढली तर एक हिस्सा पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक हिस्सा म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. ऐकायला गोड होतं. २००१ साली नियमात शब्द फिरवला. वाटणी करायची ती फक्त मोकळ्या जागेची. ज्यावर इमारती उभ्या आहेत ती धरायची नाही. गिरणीत मोकळी जागा असते किती? हिस्से आक्रसले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००६ साली ती दुरुस्ती कायम झाली. घरांसाठी अर्ज आले दीड लाखाच्या वर. मिळालेली घरं काही हजारांत. २०२४ साली शेलू-वांगणीचा पर्याय पुढं केला. लालबाग-परळच्या माणसाने कर्जतच्या वाटेवर जाऊन राहायचं!

एका शब्दाने गेलं सगळं. म्हणून आम्ही म्हणतो, जमिनीच्या प्रकरणात आवाजापेक्षा शब्दाला जपा.

जपानात काय झालं?

साहेबलोक सांगतात, जपानकडं बघा. बरं, बघू. तिथली पहिली गाडी टोकियो-ओसाका १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली. तिच्या मार्गातली काही जमीन तर महायुद्धाच्या काळातच घेऊन ठेवली होती. तरीही खर्च अंदाजाच्या दुपटीच्या घरात गेला आणि रेल्वेचे अध्यक्ष सोगो शिंजी यांना गाडी सुरू व्हायच्या आधीच, १९६३ साली, पद सोडावं लागलं.

नागोया शहरात रुळांकाठच्या ५७५ रहिवाशांनी आवाज नि हादऱ्यांविरुद्ध १९७४ साली दावा लावला. गाडी चालवणाऱ्या कामगारांच्या संघटनेनं त्या टप्प्यात गाड्या हळू हाकून त्यांना साथ दिली. ऐकताय ना? कामगारांनी! १९८६ साली तडजोड झाली. नारिता विमानतळाच्या वेगवान गाडीचं काम १९७४ ला सुरू झालं, पण जमिनीच्या विरोधात अडकलं, १९८३ ला थांबलं, पुढं सोडूनच दिलं.

आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट ओमिया-टोकियो मार्गाची. तिथल्या लोकांनी हरकत घेतली, की गाडी आमच्या डोक्यावरून जाणार आणि आमच्याकडं थांबणार नाही. मग आम्हाला काय? भांडून त्यांनी काय मिळवलं? त्याच मार्गालगत रोजच्या प्रवाशांची नवी लोकल. १९८५ च्या सप्टेंबरात ती सुरू झाली, आणि आवाजासाठी त्या टप्प्यात वेगवान गाडीचा वेग ताशी ११० वर बांधून ठेवला गेला. वेगाची गाडी झाली आणि कष्टकऱ्याची लोकलही झाली. याला म्हणतात सौदा! जपानकडून कर्ज आणता, यंत्रं आणता. तिथल्या लोकांनी पदरात पाडून घेतलेला हा करारही आणा की!

मग करायचं काय?

आमच्या युनियनच्या कमिटीत यावर दोन तट पडले. काही म्हणाले, गाडीला सरळ विरोध करा. काही म्हणाले, कामधंदा येईल, अडवू नका. तीन बैठका झाल्या. शेवटी ठरलं ते असं: गाडी होवो न होवो, आमच्या माणसाचा कागद पक्का पाहिजे. आमच्या मागण्या ऐका.

१. रेघ कायम करण्याआधी नकाशा मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा, आणि गावावरच्या परिणामांची पाहणी माफ करू नका.

२. ग्रामसभेचा ठराव झाल्याशिवाय मोजणी नको. वनहक्काचे दावे आधी निकाली काढा, मग जमीन घ्या.

३. घर जाणाऱ्याला आणि भूमिहीन होणाऱ्याला जमिनीच्या बदल्यात जमीन, आणि घरटी एकाला ठेक्यावरची नव्हे, कायमची नोकरी.

४. मार्ग ज्या तालुक्यातून जाईल तिथल्या साध्या गाड्या, लोकल आणि फाटकांवरचे पूल याच कामाच्या खर्चात धरा.

५. राज्याची वर्गणी मार्गाच्या लांबीप्रमाणे ठरवा.

ह्या सरकारकडच्या मागण्या. आता तुमच्याकडची मागणी. या दिवाळीला गावी जाल तेव्हा तलाठ्याकडून सातबारा काढा. त्यावर आज्याचं नाव असेल तर वारसनोंद करून घ्या, बहिणींची नावं धरून. बांधावरची झाडं, विहीर, पाइपलाइन, गोठा, सगळ्यांची नोंद करा. संयुक्त मोजणीच्या दिवशी घरचं माणूस हजर पाहिजे, आणि पंचनामा वाचल्याशिवाय सही नको. नोटीस आली तर ती कोणत्या कायद्याखाली आहे ते आधी बघा, कारण हरकतीची मुदत कायद्याप्रमाणे बदलते. निवाडा मान्य नसेल तर निषेध नोंदवून पैसे घ्या; २०१३ च्या कायद्याखाली निवाड्याला हजर असणाऱ्याला वाढीव मोबदला मागायला सहा आठवडे असतात. आणि थेट खरेदी दिली तर तो रस्ता बंद होतो, हे सही करण्याआधी ध्यानात ठेवा. २५ टक्के जास्त मिळतात ते फुकट मिळत नाहीत.

येत्या रविवारपासून, दर रविवारी सकाळी नऊ ते बारा, युनियनच्या कचेरीत आम्ही कागद वाचायला बसणार आहोत. फी नाही, वर्गणी नाही. युनियनचा सभासद असा-नसा. गावचा भाऊ, शेजारी, मेव्हणा, कुणालाही घेऊन या. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी लाजू नये. आम्हालाही कुणीतरी वाचूनच दाखवलं होतं.

पालघरच्या सोबत्याला आम्ही पत्र टाकलं आहे. त्याच्या जमिनीचं आता काही होत नाही. पण त्याने लिहिलंय, पहिल्या रविवारी येतो, माझा कागद सगळ्यांना दाखवतो, कुठं कुठं फसलो ते माझ्या तोंडानं सांगतो. बंधूंनो, जमीन गेलेला माणूस तुमची जमीन राखायला येतो आहे. त्या दिवशी कचेरी ओस दिसता कामा नये!

कामगार-शेतकरी एकजुटीचा विजय असो!
जय महाराष्ट्र!